यंदा एक ट्रेंच कमी घ्या
उत्खनन-संचालकांना प्रयोगशाळेतून खुले पत्र

महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर उत्खननं करणाऱ्या सर्व सन्माननीय संचालकांस,



सीझन संपला की गोण्या भरभरून माल आमच्याकडे येतो. खापरं, हाडं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, लोखंडाचं कीट, दगडाचे छिलके, कोळसा, मातीचे नमुने. तोवर तुमचे तंबू उठलेले असतात, वर्तमानपत्रात फोटो छापून आलेला असतो आणि तुमच्या लेखी मोठं काम उरकलेलं असतं. आमचं काम त्या दिवशी सुरू होतं. मी अशाच एका प्रयोगशाळेत खापरं आणि इतर अवशेष तपासते. तुमच्यापैकी काहींच्या हाताखाली शिकले आहे. उशिरा हाती पडणारा परवाना, अर्धवट मिळणारं अनुदान, उभ्या पिकात खणू द्यायला नाखूश असलेला शेतमालक, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी हे जाहीरपणे लिहिते आहे, कारण समोर बसून बोलायला गेलं की तुम्ही चहा मागवता आणि म्हणता, ‘पुढच्या सीझनला बघू.’

उत्खनन म्हणजे स्थळाचा नाश, हे तुम्हीच आम्हाला पहिल्या वर्षी शिकवता. काढलेला थर पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. मागे उरतात त्या नोंदवह्या, आराखडे, छायाचित्रं आणि या गोण्या. गोण्यांतला माल नीट तपासलाच गेला नाही, तर तुम्ही केलं ते फक्त नाशाचं अर्धं काम. शब्द कडू आहेत, पण याहून सौम्य शब्द सापडले नाहीत.

पहिली तक्रार चिठ्ठीची आहे. ती इतकी किरकोळ वाटते की सांगायला संकोच होतो. पिशवीत टाकलेली कागदाची चिठ्ठी ओल्या खापरांबरोबर आली तर जुलैपर्यंत तिचा लगदा होतो. बाहेर मार्करने लिहिलेलं उन्हात उडून जातं. मग थर ‘3’ आहे की ‘8’, यावर आम्ही भिंग घेऊन बसतो. एका पिशवीवर फक्त ‘महत्त्वाचे’ एवढंच लिहिलेलं होतं. महत्त्वाचं कुणाला, कशासाठी, कुठल्या ट्रेंचमधलं, काही नाही. ज्याचा थर माहीत नाही ते खापर संग्रहालयाच्या काचेमागे शोभेल, पण काळाबद्दल आणि माणसांबद्दल त्याला विचारता येईल असं काही उरत नाही. मागणी साधी आहे: प्रत्येक पिशवीला दोन चिठ्ठ्या, एक आत आणि एक बाहेर, आतली वेगळ्या छोट्या पिशवीत, लिहायचं पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने, आणि खापरं सुकल्याशिवाय पिशवीचं तोंड बंद करायचं नाही.

दुसरी तक्रार निवडीची. पॉटरी यार्डात बसून तुम्ही काठ, बूड, तोटी आणि रंगकाम असलेली खापरं ठेवता आणि अंगाची साधी खापरं ढिगावर टाकून देता. जागा नसते, मान्य. पण टाकण्याआधी मोजा आणि वजन करा. जोर्वे पद्धतीच्या भांड्यांचं उदाहरण घ्या. लाल अंगावर काळं भौमितिक नक्षीकाम, धारदार खांदा, लांब तोटी आणि टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत आवाज. ही खापरं कुणीच टाकत नाही. पण त्याच थरातली जाड, भरड, हाताने घडवलेली खापरं किती होती, हे कळलं नाही तर त्या घरात रोज कशात रांधायचे आणि धान्य कशात साठवायचे, याचा अंदाज कसा बांधायचा? शंभरातली देखणी दहा ठेवली आणि नव्वद फेकली, की आमच्या तक्त्यात गावातलं प्रत्येक घर श्रीमंत दिसायला लागतं.

याच निवडीचा दुसरा भाग म्हणजे ‘अँटिक्विटी’ची वही. मणी सापडला की क्रमांक, नोंद, फोटो, कापसात गुंडाळून डबी. कीट सापडलं की ‘भट्टीचा कचरा’. नागपूरजवळ नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली तेव्हा विदर्भातल्या शिळावर्तुळांच्या लोकांकडे लोखंड बाहेरून येत होतं की इथेच तयार होत होतं, या प्रश्नाला हाती धरता येईल असा पुरावा मिळाला. अशा प्रश्नांना उत्तर देताना तलवारीपेक्षा कीट जास्त बोलतं. गंजाने फुगलेला लोखंडाचा गोळाही असाच. बाहेरून ढेकूळ, पण क्ष-किरण चित्र काढलं की आत कुऱ्हाडीची धार आणि दांड्याला आवळणारे पट्टे दिसतात. तो गोळा साइटवरच हातोडीने ‘साफ’ करून पाहिला, तर क्ष-किरण कशाचे काढायचे?

साफसफाईचा विषय निघालाच आहे, तर धुण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. पूर्वी खापर धुण्यात काही गैर नव्हतं. रंग, पोत, नक्षी दिसण्यासाठी ते लागायचंच. आज परिस्थिती बदलली आहे. हरियाणातल्या फरमाणा इथे, ज्या उत्खननात आपलं डेक्कन कॉलेज होतं, तिथल्या भांड्यांवर, दगडी हत्यारांवर आणि माणसांच्या दातांवर चिकटून राहिलेले स्टार्चचे सूक्ष्म कण तपासले गेले. त्यांत हळद, आलं आणि वांग्याच्या खुणा मिळाल्या. ही निरीक्षणं 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. हडप्पाकालीन स्वयंपाकघरात डोकावण्याची ही संधी मिळाली, ती ते कण धुऊन गेले नव्हते म्हणून. पुढे सिंधू संस्कृतीच्या भांड्यांच्या अंगात मुरलेल्या चरबीचंही रासायनिक विश्लेषण झालं आणि त्यांत कोणत्या प्राण्यांचं मांस किंवा दूध शिजत असावं, यावर चर्चा सुरू झाली. मुरलेली चरबी पाण्याने सहसा जात नाही, हे खरं. पण बोटांचं तेल आणि प्लास्टिकच्या पिशवीतली रसायनं तिच्यात मिसळतात, आणि मग यंत्रावर दिसणारा उंचवटा हडप्पाचा की पिशवीचा, हे ठरवण्यातच वेळ जातो.

म्हणून विनंती अशी: प्रत्येक महत्त्वाच्या थरातली थोडी खापरं, विशेषतः चुलीजवळची आणि भांड्यांच्या बुडाची, न धुता, हातमोजे घालून, अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. दगडी पाटे-वरवंट्यांचंही तेच. बाकीची खुशाल धुवा. आणि तांब्याच्या वस्तूंना चिंच किंवा लिंबू लावू नका. हे लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं. तांब्यावरच्या हिरव्या थरात क्लोराइड दडलेलं असतं, दमट हवा लागली की ते आतून धातू खात राहतं. ते ओळखायचं आणि थांबवायचं काम संवर्धकाचं आहे, स्वयंपाकघराचं नाही.

आता हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राबद्दल. ते बंदुकीसारखं दिसतं, क्षणात मूलद्रव्यांचे आकडे देतं, पाहुण्यांना दाखवायला छान असतं. पण ते फक्त पृष्ठभाग वाचतं. जुन्या काशाच्या पृष्ठभागावरून तांबं झिजून गेलेलं असतं आणि कथिल मागे उरलेलं असतं, त्यामुळे यंत्र कथिल भरमसाट दाखवतं. तो आकडा जशाच्या तसा अहवालात टाकून ‘उच्च प्रतीचं कासं’ असं लिहू नका. आम्ही तो आकडा कुठल्या अटींवर दिला होता, ते आमच्या टिपणात लिहिलेलं असतं. ते टिपण तुमच्या अहवालात कधीच येत नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र या सगळ्यांहून वेगळी आहे. तुम्ही आमच्याकडे बऱ्याचदा प्रश्न घेऊन येत नाही, उत्तर घेऊन येता. ‘हे रोमन आहे ना, तेवढं लिहून द्या.’ पश्चिम किनाऱ्यावर आणि गुजरातेत दारू-तेलाचे म्हणून जे कुंभ सापडले, त्यांतले बरेच वर्षानुवर्षं ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदले गेले. मग पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टॉम्बर यांनी ती खापरं पुन्हा हातात घेतली. माती, आतलं अस्तर, काठाची घडण पाहिली. इटलीतल्या नेपल्सच्या परिसरातल्या कुंभांच्या मातीत ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे कण असतात आणि अस्तर झाडाच्या राळेचं असतं. या दुसऱ्या कुंभांचं अस्तर डांबरासारख्या बिट्यूमेनचं होतं, त्यांना कानही नव्हते. ते मेसोपोटेमियातले ‘टॉर्पिडो’ कुंभ निघाले. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि भारत-रोम व्यापाराच्या पुराव्यातला एक मोठा भाग रोममधून उठून इराणी आखाताकडे गेला. काळही काही शतकं पुढे सरकला, ससानी आणि पुढच्या इस्लामी काळात. ज्यांनी आधी ‘रोमन’ लिहिलं त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर तुलनेला नमुने नव्हते. श्रेय मात्र त्यांनाही आहे: ते तुकडे त्यांनी फेकले नाहीत, चिठ्ठीसकट कपाटात ठेवले, म्हणून कुणाला ते परत उघडता आले.

दायमाबादचं उदाहरण याच्या उलट बाजूचं आहे. 1974 मध्ये प्रवरेकाठी एका शेतकऱ्याला काशाच्या चार वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला, वर माणूस उभा असलेला रथ. भारतीय उपखंडातल्या धातुकामातलं हे इतकं थोर काम, पण ते उत्खननात सापडलं नव्हतं. पुढे स. अ. साळी यांनी तिथे उत्खनन केलं, त्या वस्तू उत्तर-हडप्पा काळाशी जोडल्या गेल्या, पण डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या विश्लेषणात सापडलेल्या आर्सेनिककडे बोट दाखवून त्या काळाबद्दल शंका घेतली, कारण त्या काळच्या इतर वस्तूंत अशी मिसळ दिसत नव्हती. वाद पुरता मिटलेला नाही. प्रयोगशाळा धातू सांगू शकते, पण हरवलेला थर तिला तयार करता येत नाही. तुमच्या ट्रेंचमध्ये वस्तू मूळ जागेवर असते. ती तिथून उचलण्याआधीचा अर्धा तास हा आमच्या पुढच्या दहा वर्षांपेक्षा मोलाचा असतो, एवढं ध्यानात घ्या.

तारखांबद्दल न लिहिता चालणार नाही, कारण तिथे वर्तमानपत्रं तुमच्या पाठीशी उभी असतात आणि आमच्या विरोधात. कोळशाचा एक तुकडा, एक आकडा, आणि दुसऱ्या दिवशी मथळा. आधी सांगा, तो कोळसा कशाचा? घराच्या जुन्या सागवानी खांबाच्या गाभ्याचा असेल तर तो घर जळाल्याच्या काळाहून शंभर-दोनशे वर्षं जुना निघू शकतो. त्याच थरातला जळका जवाचा दाणा असेल तर तो त्याच हंगामाचा. रेडिओकार्बन कालमापनाच्या एएमएस पद्धतीला आता एखादा दाणाही पुरतो. मग दाणे का येत नाहीत? कारण माती पाण्यात घोळून तरंगणारे दाणे वेगळे काढायला जो ड्रम आणि दोन माणसं लागतात, ती ‘परवडत नाहीत’. जेसीबी परवडतो.

दुसरं, इ. स. पू. 800 ते 400 या काळात कार्बनचं कॅलिब्रेशन-वक्र जवळजवळ सपाट आहे. आपल्याकडचा लोखंड वापरणारा समाज आणि सुरुवातीची नगरं याच पट्ट्यात येतात. या काळातला नमुना पाठवला तर उत्तर चारशे वर्षांच्या रुंदीचं येऊ शकतं. त्यातलं तुम्हाला आवडणारं टोक उचलून तेच वर्ष म्हणून जाहीर करू नका. किमान एकाच थरातले चार-पाच नमुने, वर-खालच्या थरांसकट, पाठवा. आकड्याशेजारचं ‘±’ हे चिन्ह छपाईतली धूळ नाही.

आणखी एक त्रास खास आपल्या दख्खनचा आहे. खापराचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की मातीतले खनिजकण ओळखता येतात, आणि भांडं कुठे घडलं याचा माग लागतो. राजस्थान किंवा तामिळनाडूत यातून पुष्कळ कळतं. दख्खनवर मात्र सगळीकडे एकच बेसाल्ट. नाशिकची माती आणि सोलापूरची माती कापात सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. म्हणून ‘हे भांडं इथलं की तिथलं’ असं विचारताना शेजारच्या नदीतली वाळू, गावातल्या कुंभाराची आजची माती आणि खोदलेल्या भट्टीच्या भिंतीचा तुकडाही पाठवा. तुलनेला काही नसेल तर आमचं उत्तर ‘दख्खनी’ एवढंच येईल, आणि ते तुम्हाला आधीच माहीत असतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं विद्यापीठाच्या पगारावर बसून सोपं आहे. नाही. तुमच्या अनुदानाच्या अर्जात मजुरी, तंबू, जीप, डिझेल असतं. विश्लेषणाच्या ओळीत बहुधा शून्य किंवा शोभेपुरता आकडा. मग खापरं रेखाटायचं काम पीएचडीच्या मुली-मुलांच्या माथी येतं, फुकट, आणि अहवालात त्यांची नावं ऋणनिर्देशाच्या शेवटी ‘इतर’ या शब्दात मावतात. गावातल्या ज्या बायका पॉटरी यार्डात बसून खापरं धुतात आणि वेगळी करतात, त्यांची नावं तर कुठेच नसतात. त्यांच्यातल्या काहींची नजर तुमच्या-माझ्याहून तयार असते. काठाच्या वळणावरून कुठल्या थराचा माल आहे, हे त्या चिठ्ठी न वाचता सांगतात. त्यांना रोजावर घेता, तर शिकवूनही घ्या आणि पुढच्या वर्षी त्यांनाच बोलवा.

अहवालाचा मुद्दा शेवटी ठेवला, कारण त्याबद्दल बोलायला सगळेच घाबरतात. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवासे 1954 ते 1956 मध्ये खोदलं आणि 1960 मध्ये त्याचा अहवाल छापून बाहेर आला. घोड नदीकाठचं इनामगाव 1968 पासून 1983 पर्यंत खोदलं गेलं. 1988 मध्ये अहवाल आला, आणि त्याआधीच माणसांच्या सांगाड्यांवरचा स्वतंत्र खंड. जव पिकत होता हे, लहान मुलांना दोन कुंभांत तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत होते हे, मोठ्या माणसांची पावलं तोडून पुरत होते हे आपल्याला माहीत आहे, कारण वनस्पतींचा, हाडांचा, सांगाड्यांचा अभ्यास करणारी माणसं खोदण्याच्या वेळीच सोबत होती. दुसरीकडे कालीबंगन 1960 च्या दशकात खोदलं गेलं आणि त्याच्या सर्वांत जुन्या वस्तीचा अहवाल 2003 मध्ये आला. 2013 मध्ये महालेखापरीक्षकांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कारभारावर जे ताशेरे ओढले, त्यांत रखडलेले उत्खनन-अहवालही होते. दरम्यान संचालक निवृत्त होतात, नोंदवह्या कुणाच्या तरी घरच्या माळ्यावर जातात, आणि गोदामातल्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या वाळवी खाते. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या वस्तूंचं विश्लेषण करणं शक्य असतं, पण कशाशी जोडायचं ते सांगायला कुणी नसतं.

म्हणून मागण्या एकत्र करून लिहिते. अनुदानाच्या अर्जात विश्लेषणाला, साठवणीला आणि अहवालाच्या छपाईला मिळून खोदाईइतकीच रक्कम दाखवा. देणाऱ्यांनी ती कापली तर खोदाईही त्याच प्रमाणात कापा. खापरं, हाडं आणि वनस्पती ओळखणारा प्रत्येकी एक माणूस साइटवर ठेवा, निदान शेवटचे दोन आठवडे. आमचं टिपण छापणार नसाल तर आमचा आकडाही छापू नका. मागच्या सीझनचा निदान प्राथमिक अहवाल दिल्याशिवाय पुढच्या सीझनचा परवाना मागू नका. हा नियम वरून येण्याची वाट पाहण्याचं कारण नाही, तुम्ही स्वतःपुरता तो आजही पाळू शकता. आणि पैसे दोन्हीला पुरत नसतील, तर यंदा एक ट्रेंच कमी घ्या. पांढरीच्या टेकाडात ती आणखी वीस वर्षं सुखरूप राहील, तोवर आमची यंत्रंही सुधारतील.

नवा अर्ज पाठवण्याआधी एकदा प्रयोगशाळेत येऊन जा. मागच्या सीझनच्या कोणत्या गोण्या अजून उघडल्याच गेलेल्या नाहीत, त्यांची यादी तयार ठेवली आहे. ती पाहून मग किती ट्रेंच घ्यायच्या ते लिहा.

आपली विश्वासू,
प्रयोगशाळेतली एक विश्लेषक
पुणे